आधी पोस्ट ओळखा, मग पिन: कोकणातल्या पत्त्यांसाठी ऑनलाइन शोधसेवांची पारख

कोकणात शिरगावं किती? रत्नागिरी शहराला खेटून एक, देवगड तालुक्यात एक, चिपळूणला अलोऱ्याकडे एक, पालघरला किल्ला असलेलं एक. घाटावर मावळातलं वेगळंच. मुरुडचंही तेच. जंजिऱ्याचं मुरुड रायगडात, कर्द्याशेजारचं दापोली तालुक्यात, आणि तिसरं थेट लातूरला. खेड म्हणावं तर एक भरणे नाक्याचं आणि दुसरं पुण्याचं राजगुरुनगर. अशा मुलखात शोधपेटीत नुसतं गावाचं नाव टाकून ‘पत्ता सापडत नाही’ म्हणायचं, म्हणजे स्टँडवर जाऊन ‘गाडी कधी?’ एवढंच विचारायचं झालं.

याच गोंधळावर उतारा म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. सारख्या नावांची गावं, हरतऱ्हेची स्पेलिंगं आणि हरतऱ्हेच्या भाषांतली पाकिटं यांतून वाट काढण्यासाठी संस्कृतचे पंडित आणि दळणवळण खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी ती योजना आखली. आज तो पिन शोधायला चार फुकट साधनं हाताशी आहेत: पोस्टाच्या संकेतस्थळावरचा पिनकोड शोध, सरकारच्या खुल्या डेटाच्या संकेतस्थळावरची अखिल भारतीय पिनकोड यादी, नेमक्या जागेचा कोड देणारं, २०२५ मध्ये आलेलं डिजिपिन, आणि गूगलच्या नकाशावरचे तसेच जागेचे प्लस कोड. चारही कामाची आहेत, पण चौघांचं काम एक नाही. कुठल्या प्रश्नाला कुठलं साधन, हे चुकलं की बाकी सगळं चुकतं.

यादीत गावं नसतात

पोस्टाच्या शोधाबद्दलची निम्मी तक्रार एका गैरसमजातून येते. त्या यादीत गावं नाहीत, पोस्ट ऑफिसं आहेत. देशात गावं सहा लाखांवर, पोस्ट ऑफिसं दीड लाखाहून थोडी जास्त आणि पिनकोड एकोणीस हजारांच्या आसपास. म्हणजे चारातल्या तीन गावांना तरी स्वतःचं पोस्ट नाही, आणि एका पिनच्या पोटात सरासरी आठ कचेऱ्या. तुमच्या गावाचं नाव टाकल्यावर काहीच आलं नाही, तर यादी अपुरी आहे असं नाही. तुमच्या गावात पोस्ट नाही, एवढाच त्याचा अर्थ.

कचेऱ्यांच्या तीन पायऱ्या आहेत: मुख्य डाकघर, उपडाकघर आणि शाखा डाकघर. यादीत ती एच.ओ., एस.ओ. आणि बी.ओ. अशी दिसतात. खेड्यातल्या शाखा डाकघराला स्वतःचा वेगळा पिन नसतो. ज्या उपडाकघरातून त्याची टपालपिशवी निघते, त्याचाच पिन त्याला लागतो. म्हणून खाडीकाठचं गाव आणि सड्यावरचं गाव एकाच पिनखाली सापडतात, मधे वीस किलोमीटर असले तरी.

जुन्या माणसांची पत्ता लिहायची पद्धत इथे उपयोगी पडते. ‘मु. पो.’ जोडून लिहिलं असेल तर गावात पोस्ट आहे. ‘मु. अमुक, पो. तमुक’ असं तोडून लिहिलं असेल तर पोस्ट शेजारच्या गावात, आणि शोधपेटीत टाकायचं ते हे तमुक. म्हणून कुणाला पत्ता विचारताना ‘पिन काय?’ असं विचारू नका, ‘पोस्ट कुठलं?’ विचारा. पिन माणसं अंदाजाने सांगतात, तालुक्याच्या गावाचा सांगून मोकळी होतात. पोस्ट मात्र सहसा बरोबर सांगतात, कारण तिथे मनीऑर्डर घ्यायला किंवा खातं उघडायला कुणीतरी गेलेलं असतं.

फोनवर विचारायला कुणी नसेल तर घरातली कागदपत्रं काढा. आधारवरच्या पत्त्यात पोस्टाचा वेगळा रकाना असतो. ग्रामपंचायतीच्या दाखल्याच्या शीर्षकात आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘पो.’ छापलेलं असतं. आधारमध्ये तो रकाना भरताना घाईत गावाचंच नाव टाकलेलं असू शकतं, म्हणून दोन कागद ताडून पाहावेत. दाखल्याचं शीर्षक त्यातल्या त्यात भरवशाचं.

स्पेलिंगची खाडी

पोस्टाच्या शोधात दोन दारं आहेत. एकात पोस्टाचं नाव टाकून पिन काढायचा, दुसऱ्यात पिन टाकून त्याखालची पोस्ट ऑफिसं पाहायची. बहुतेक जण पहिल्याच दारावर थांबतात, आणि तिथे इंग्रजी स्पेलिंग आडवं येतं. यादी इंग्रजीत आहे, आणि आपली गावं इंग्रजीत कशी लिहायची यावर पोस्ट, रेल्वे, महसूल आणि जनगणना यांचं कधी एकमत झालेलं नाही.

चुका ठरलेल्या जागी होतात, म्हणून त्या आधीच ओळखता येतात. सगळ्यात जास्त घोळ ‘व’चा. मालवण, सावंतवाडी, श्रीवर्धन यांत व्ही लिहायचा की डब्ल्यू? दोन्ही करून पाहा, पण सावंतवाडीत तर दोन ‘व’ आहेत, म्हणजे शक्यता चार. मग शेवटचा स्वर. आपण वेंगुर्ले म्हणतो, इंग्रजीत शेवटी ए लावून वेंगुर्ला झालं. आंजर्ले, आचरे आणि केळशीच्या आसपासच्या ‘ए’कारान्त नावांचं असंच. हर्णैच्या शेवटी कुठे एआय, कुठे नुसता ई. तिसरी जागा म्हणजे मधला अर्धवट उच्चारला जाणारा ‘अ’. कणकवली, रेवदंडा यांत मधे ए घालायचा की गाळायचा, हे लिहिणाऱ्याच्या मर्जीवर. देवगडची सुरुवात कुठे डीईव्ही तर कुठे डीईओ. झाराप कुठे झेडने, कुठे जेएचने. अलिबागला यू घालणारेही आहेतच.

यावर उपाय एकच: पूर्ण नाव टाकू नका. ज्या अक्षरांबद्दल खात्री आहे तेवढाच तुकडा टाका, आणि तो स्वरावर नाही तर व्यंजनावर तोडा. वेंगुर्ल्यासाठी ‘जी’पर्यंत थांबा, शेवटचा ए की ई हा प्रश्नच उरत नाही. हर्णैसाठी ‘एन’पर्यंत. तीन अक्षरांहून कमी टाकलं तर यादी लांबते, सहाहून जास्त टाकलं तर चुकीला जागा मिळते. चार-पाच अक्षरं ठीक.

बुद्रुक आणि खुर्द यादीत सहसा आखूड रूपात असतात, बीके आणि केएच. म्हणून निवे बुद्रुक शोधताना नुसतं ‘निवे’ टाकून यादीतून निवडावं. सातबाऱ्यावर गावाच्या नावापुढे ‘तर्फ अमुक’ असेल तर ते शोधात घेऊ नका, ते महसुली शेपूट आहे, पोस्टाला त्याचं देणंघेणं नाही. आणि ओरोस मिळत नसेल तर सिंधुदुर्गनगरी टाकून पाहा, सिंधुदुर्गनगरी मिळत नसेल तर ओरोस.

वाडीचं नाव तर इथे टाकूच नये. मधलीवाडी, वरचीवाडी, गावठाण, तळीवाडी, अमुक कोंड ही नावं प्रत्येक तालुक्यात डझनाने आहेत आणि पोस्टाच्या यादीत त्यांना स्थान नाही. वाडी लागते ती पाकिटावर, पोस्टमनसाठी. तिथेही एक लक्षात ठेवावं: डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. त्यामुळे काही वाड्यांचं नाव कागदावर बदललं आहे आणि तोंडी जुनंच आहे. कागदोपत्री कामाला ग्रामपंचायतीकडचं नवं नाव वापरावं.

निकाल आला, आता तो वाचा

पिन मिळाल्याबरोबर तो कॉपी करू नका. त्याच ओळीतल्या आणखी तीन गोष्टी पाहा. कचेरीचा प्रकार, डिलिव्हरी आहे की नॉन-डिलिव्हरी, आणि जिल्हा. नॉन-डिलिव्हरी कचेरीत पार्सल नोंदवता येतं, खातं उघडता येतं, पण तिच्याकडे पोस्टमन नसतो. शहरात अशा कचेऱ्या बाजारपेठेत किंवा कचेऱ्यांच्या आवारात असतात. घराजवळची म्हणून तिचं नाव पत्त्यात घालू नये. त्या भागाचं टपाल वाटते ती कचेरी हवी.

मग दुसरं दार वापरायचं. मिळालेला पिन उलटा टाका आणि त्याखालच्या सगळ्या कचेऱ्यांची यादी वाचा. तुमच्या गावाच्या शेजारची दोन-तीन नावं त्यात दिसली पाहिजेत. एकही ओळखीचं नसेल तर तुम्ही दुसऱ्या शिरगावात पोचलात. ही उलट तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि या सेवेतली सगळ्यात उपयोगी गोष्ट तीच.

जिल्ह्याच्या बाबतीत कोकणाची गंमत वेगळी आहे. पिनचे पहिले तीन अंक टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा सांगतात, कलेक्टरचा नाही. ४१५ म्हणजे रत्नागिरी असं धरून चालावं तर साताऱ्याचा पिन ४१५००१. ४१६ सिंधुदुर्ग म्हणावं तर कोल्हापूर ४१६००१ आणि सांगली ४१६४१६. लांजा (४१६७०१) आणि राजापूर (४१६७०२) रत्नागिरी जिल्ह्यात असून ४१६चे, आणि पुढचाच ४१६७०३ खारेपाटणचा, म्हणजे कणकवली तालुका, जिल्हा सिंधुदुर्ग. मंडणगड ४१५२०३, शेजारची दापोली ४१५७१२. रायगडात अलिबाग ४०२२०१, पण पनवेल ४१०२०६ आणि उरण ४००७०२, मुंबईच्या मालिकेत बसलेलं. सगळ्यात बोलका नमुना घाटाचा आहे. ४१६५०९ चंदगड आणि ४१६५१० सावंतवाडी. आकडे शेजारी, मधे आंबोली घाट, आणि जिल्हे दोन.

यात चूक कुणाची नाही. पिनकोड १९७२चा, सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१चा. पिन दिले गेले तेव्हा बांद्यापर्यंत सगळी रत्नागिरीच होती. पालघर तर १ ऑगस्ट २०१४ला वेगळा झाला, त्यामुळे जुन्या याद्यांत ४०१च्या ओळींपुढे ठाणे दिसलं तर दचकू नये. अडचण येते ती फॉर्ममध्ये. जो फॉर्म पहिल्या तीन अंकांवरून जिल्हा ठरवतो तो लांज्याच्या माणसाला घाटावर नेऊन सोडतो. जिल्ह्याचा रकाना बदलता येत असेल तर बदला. कुलूपबंद असेल तर पिन बदलू नका, पत्त्याच्या ओळीत ‘ता. लांजा, जि. रत्नागिरी’ पूर्ण लिहा. टपाल पिनवर चालतं, फॉर्मने भरलेल्या जिल्ह्यावर नाही. तो जिल्हा जुळावा म्हणून भलताच पिन टाकणं हा मात्र हमखास फसणारा उपाय.

याच पिनवर खासगी कुरिअरच्या ‘तुमच्या भागात सेवा उपलब्ध’ या पाट्याही चालतात. ती तपासणी पिनची असते, गावाची नसते. उपडाकघराच्या बाजारपेठेत गाडी येत असेल तर पिन ‘उपलब्ध’ दिसतो, आणि त्याच पिनखालच्या सड्यावरच्या वाडीचं पार्सल बाजारपेठेत येऊन थांबतं. मागवण्याआधी त्यांच्या जवळच्या कचेरीला गावाचं नाव सांगून विचारणं बरं.

यादीची फाइल: सगळ्यात उजवी

एखादाच पत्ता असेल तर वरचा शोध पुरतो. पण आंब्याच्या पेट्या पाठवणारे, लग्नपत्रिका लिहिणारे, पतसंस्थेची सभासद-यादी नीट करणारे, यांनी सरळ अखिल भारतीय पिनकोड यादी उतरवून घ्यावी. डेटा डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर ती सीएसव्ही फाइल म्हणून, म्हणजे एक्सेलमध्ये उघडणारा तक्ता म्हणून मिळते. दर वेळी कॅप्चा नाही, नेट गेलं तरी चालतं, आणि मुख्य म्हणजे गाळणी आपल्या हातात राहते.

फाइलमध्ये एका ओळीला एक कचेरी. रकाने असे: सर्कल, रीजन, डिव्हिजन (पोस्टाच्या मोठ्याकडून लहानाकडे जाणाऱ्या विभागण्या), कचेरीचं नाव, पिन, प्रकार, डिलिव्हरी, जिल्हा, राज्य, आणि अक्षांश-रेखांश. दीड लाखाहून जास्त ओळी आहेत. मोबाइलवर उघडायला जाऊ नका, संगणकावरच उघडा. पहिलं काम, राज्यावर गाळणी लावून महाराष्ट्राची वेगळी प्रत करून ठेवणं. मग डिव्हिजनवर गाळणी लावायची, रत्नागिरी किंवा सिंधुदुर्ग. रीजनवर लावाल तर बुचकळ्यात पडाल, कारण रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन्ही टपाल विभाग मुंबईच्या नाही तर गोव्याच्या रीजनखाली येतात. खुद्द गोवाही पोस्टाच्या हिशोबात महाराष्ट्र सर्कलमध्ये आहे, तिथले पिन ४०३ने सुरू होतात.

पिनच्या आकड्यावरही गाळता येतं. ४१५६०० ते ४१५८९९ घेतलं की रत्नागिरी जिल्ह्याचा बराचसा भाग हाती येतो: चिपळूण ४१५६०५, रत्नागिरी ४१५६१२, गुहागर ४१५७०३, खेड ४१५७०९, देवरुख ४१५८०४. सुटतात ते मंडणगड, लांजा आणि राजापूर. ते हाताने जोडून घ्या. सिंधुदुर्गाला ही युक्ती नीट चालत नाही. ४१६६च्या मालिकेत कणकवली ४१६६०२, मालवण ४१६६०६, देवगड ४१६६१३ सापडतात, पण ४१६५मध्ये सावंतवाडी, वेंगुर्ले (४१६५१६), कुडाळ (४१६५२०) यांच्याबरोबर गडहिंग्लजही (४१६५०२) येतं. तिथे जिल्ह्याची गाळणीच बरी.

नावावर शोधताना ‘यात आहे’ ही गाळणी वापरा, ‘बरोबर हेच’ नको. कारण कचेरीच्या नावाला शेवटी बी.ओ. किंवा एस.ओ. चिकटलेलं असतं, कधी त्यापुढे एखादी रिकामी जागाही. जे लोक दोन याद्या सूत्राने जुळवायला जातात त्यांना नेमकं इथेच ‘सापडलं नाही’ मिळतं. आधी ती शेपटं शोध-आणि-बदला करून काढून टाकावीत, रिकाम्या जागा छाटाव्यात, मग जुळणी लावावी. व्ही-डब्ल्यूचा प्रश्न इथे प्रश्नचिन्हाने सुटतो: संशयाच्या अक्षराच्या जागी एक प्रश्नचिन्ह टाकलं की एक्सेल तिथे कुठलंही एक अक्षर चालवून घेतं. किती अक्षरं असतील तेच माहीत नसेल तर तारांकन. पोस्टाच्या शोधपेटीपेक्षा ही फाइल उजवी ठरते ती या एका चिन्हामुळे.

अक्षांश-रेखांशाच्या रकान्यावर मात्र डोळे झाकून विसंबू नका. काही ओळींत तिथे एनए, म्हणजे ‘माहिती नाही’, आहे. आकडा असला तरी तो कचेरीचा, तुमच्या घराचा नाही. आपल्या किनाऱ्याला ढोबळ ताळा सोपा आहे. अक्षांश साडेपंधरा ते सव्वावीसच्या आत आणि रेखांश बहात्तर ते चौऱ्याहत्तरच्या घरात हवा. याबाहेरचं काही दिसलं तर ती ओळ बाजूला काढा.

डिजिपिन: चार मीटरचा चौकोन

२७ मे २०२५ रोजी टपाल खात्याने डिजिपिन आणलं. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राबरोबर ते तयार केलं आहे. हे पिनकोडच्या जागी आलेलं नाही, पत्त्याच्या जोडीला आहे. यात गाव नाही, पोस्ट नाही, नाव नाही. सगळा देश, भोवतालच्या समुद्रासकट, सुमारे चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनांत कापला आहे आणि प्रत्येक चौकोनाला दहा चिन्हांचा कोड आहे. ज्या घराला रस्त्याचं नाव नाही, ग्रामपंचायतीचा घर क्रमांक दारावर पुसला गेला आहे आणि खूण म्हणून ‘फणसाच्या पुढे’ सांगावं लागतं, त्या घरासाठी हे चांगलंच आहे.

रचना समजून घेतली तर कोड पाहून चूक ओळखता येते. देश सामावणारा छत्तीस अंशांचा चौकोन घ्यायचा, त्याचे चार गुणिले चार असे सोळा भाग करायचे, प्रत्येकाला एक चिन्ह. मग त्या भागाचे पुन्हा सोळा. असं दहा वेळा. पहिली तीन चिन्हं म्हणजे साधारण बासष्ट किलोमीटरचा चौकोन, सहा चिन्हं म्हणजे जवळजवळ एक किलोमीटरचा, आणि उरलेली चार त्या किलोमीटरातलं तुमचं दार दाखवतात. आडव्या रेघा तिसऱ्या आणि सहाव्या चिन्हानंतर येतात, म्हणजे वाचायलाही सोपं.

डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत आपल्या किनाऱ्यावरच्या प्रत्येक कोडचं पहिलं चिन्ह ४ असतं. दुसरं अलिबागला एफ, रत्नागिरी-मालवणला जे, आणि सोळा अक्षांशाच्या खाली वेंगुर्ले-सावंतवाडीला के. तिसरं धरून पाहिलं तर अलिबाग ४एफएल, श्रीवर्धन ४जेएफ, दापोली ४जेसी, चिपळूण आणि गुहागर ४जे३, रत्नागिरी, लांजा, राजापूर ४जे४, देवगड आणि मालवण ४जेएम, कणकवली ४जेपी, सावंतवाडी ४के९. कुणी कोड पाठवला की आधी हे तीन ताडा. पण एक सावधगिरी. चौकोनाची रेघ गावं पाहून ओढलेली नाही. गणपतीपुळे रत्नागिरी तालुक्यातच आहे, तरी त्याचा कोड ४जे३ने सुरू होतो, कारण १७.१२५ अक्षांशाची रेघ मधून जाते. म्हणजे सुरुवात वेगळी म्हणून जागा लांबची, असं नाही.

चिन्हं निवडताना डोकं चालवलं आहे. २ ते ९ आकडे आणि सी, एफ, जे, के, एल, एम, पी, टी ही आठ अक्षरं. शून्य-ओ, एक-आय असली भांडणंच नाहीत. फोनवर सांगताना पी आणि टी तेवढे कानाला सारखे लागतात, तिथे ‘पुण्याचा पी, ठाण्याचा टी’ म्हणावं. उणीव आहे ती वेगळीच: कोडमध्ये ताळ्याचं चिन्ह नाही. एक चिन्ह चुकलं तरी कोड वैधच राहतो, दुसरीकडचा होतो. दहावं चुकलं तर शेजाऱ्याच्या अंगणात जाल, सातवं चुकलं तर वाडी बदलेल, चौथं चुकलं तर तालुका. म्हणून हाताने लिहून घेण्याऐवजी मेसेजने मागवा आणि नकाशावर उघडून पाहा.

कोड काढतानाची चूक जास्त होते ती घरात बसून बटण दाबल्याने. कौलाखाली, जांभ्याच्या भिंतीआड, वर माडांची नाहीतर आंब्याची गच्च सावली, अशा ठिकाणी फोनचं लोकेशन दहा-वीस मीटर सहज हलतं, आणि चौकोन तर चारच मीटरचा. खळ्यात मोकळ्या आभाळाखाली या, उच्च अचूकता चालू करा, निळा ठिपका स्थिर होईपर्यंत दोन मिनिटं थांबा. मग उपग्रहचित्रावर आपलं छप्पर ओळखून ठिपका नेमका त्यावरच आहे ना ते बघा. पावसाळ्यात ढग दाट असले तरी चालतं, अडचण झाडांची असते.

आणि कोड एक नाही, दोन द्या. एक दाराचा, एक गाडी थांबते तिथला. डिजिपिन जागा सांगतं, वाट सांगत नाही. पाखाडीच्या चाळीस पायऱ्या, व्हाळावरचा साकव, पावसात बंद होणारी पाणंद यांतलं काहीही त्या दहा चिन्हांत नाही. इमारतीत असाल तर मजलाही वेगळा लिहा, तळमजल्याचा आणि चौथ्या मजल्याचा कोड एकच येतो.

नकाशा, प्लस कोड आणि बाकीचे

प्लस कोड गूगल मॅप्समध्येच मिळतो, वेगळं अॅप लागत नाही, ही त्याची मोठी सोय. नेहमीचा कोड सुमारे चौदा मीटरचा चौकोन दाखवतो, गाडी आणायला तेवढं पुरतं. पण मॅप्स देतं ते आखूड रूप, कोडाचा तुकडा आणि पुढे जवळच्या गावाचं नाव. ते गाव मुरुड किंवा खेड असेल तर तुकडा भलत्याच मुरुडाला जोडला जाऊ शकतो. अशा गावांना तालुका-जिल्हा जोडून लिहा, नाहीतर पूर्ण कोड द्या.

नकाशावर नावाने शोधताना मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही करून पाहा, निकाल वेगळे येतात. वाडी मिळत नसेल तर तिच्याजवळची खूण शोधा: ग्रामदेवतेचं देऊळ, हायस्कूल, एसटी थांबा. सिंधुदुर्गात ‘तिठा’, रत्नागिरीत ‘फाटा’ किंवा ‘नाका’ जोडून पाहावं. अंतर मात्र सरळ रेषेत मोजू नका. दाभोळ आणि धोपावे समोरासमोर दिसतात, मधे खाडी आहे, फेरीबोट सुटली तर रस्त्याने लांबचा वळसा. वेसवी-बागमांडला, जयगड-तवसाळ, आगरदांडा-दिघी, सगळीकडे हेच.

महसुली गाव नक्की कोणतं हा प्रश्न असेल तर पंचायतराज मंत्रालयाची स्थानिक शासन निर्देशिका पाहावी, तिथे प्रत्येक गावाला स्वतंत्र क्रमांक आहे, बुद्रुक-खुर्दाचा घोळ तिथे मिटतो. सातबाऱ्याच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव मराठीतच निवडायचं असल्याने स्पेलिंगची कटकट नाही, पण वाडीचं नाव तिथेही नाही. जमिनीच्या कामाला ठीक, टपालाला नाही.

सगळं जुळलं की पाकिटावर उतरवायचा क्रम असा: नाव, घर क्रमांक, वाडी, खूण, मग मु. पो. हर्णै, ता. दापोली, जि. रत्नागिरी, ४१५ ७१३, त्याखाली डिजिपिन. मुक्काम आणि पोस्ट वेगळं असेल तर दोन्ही तोडून. ऑनलाइन फॉर्ममध्ये पिनचे अंक मधली जागा न सोडता आणि इंग्रजी कळफलकावरूनच टाका. फोन नंबर वाडीत ज्या सिमला रेंज येते त्याचा द्या. कुठल्याच सिमला येत नसेल तर तिठ्यावरच्या दुकानाचा, त्यांना आधी विचारून.